एका पेनीचं तिकीट आणि सोळाशे पेनींचा झगा

दरवर्षी २३ एप्रिल, शेक्सपिअरचा स्मृतिदिन, आला की शेक्सपिअरवरच्या पोस्टींचा पूर येतो आणि त्यात एक वाक्य हमखास असतं : 'त्याच्या नाटकाला राजा आणि रंक खांद्याला खांदा लावून बसत.' वाचलं की माझी चिडचिड होते. तेव्हाची राणी एलिझाबेथ त्या नाट्यगृहांत जात नसे, नटच राजवाड्यात जाऊन तिच्यासमोर खेळ करत. आणि बाकीच्यांचं म्हणाल, तर खांद्याला खांदा लागू नये याची सोय दारातच होती.

१५९९ मध्ये लंडनला आलेल्या थॉमस प्लाटर या स्विस प्रवाशाने ती लिहून ठेवलीय. एक पेनी दिली की पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या अंगणात, उभं राहायचं, डोक्यावर छप्पर नाही. बसायचंय? आतल्या दारात आणखी एक पेनी. गादीवर बसून सगळं नीट बघायचंय, शिवाय आपणही चारचौघांना दिसायचंय? मग तिसरी. (हे 'दिसायचं' प्लाटरनेच नोंदवलंय, माझा खवचटपणा नाही.)

बरं, ती पहिली पेनी तरी स्वस्त होती का? लंडनच्या कुशल कारागिराची दिवसाची कमाई साधारण शिलिंगभर, म्हणजे बारा पेनी. आकडा सोपा वाटतो. पण खेळ दुपारी दोनच्या सुमारास, उजेडात. आणि १५६३ च्या कायद्याने उन्हाळ्यातला कामाचा दिवस पहाटे पाचपासून संध्याकाळी सात-आठपर्यंत बांधून दिलेला. म्हणजे नाटकाला जायचं तर कामावर खाडा. शिकाऊ पोरं मालकाची नजर चुकवून यायची, म्हणून शहराचे महापौर नाटकांच्या नावाने खडे फोडत. नाट्यगृहं शहराच्या हद्दीबाहेर उभी राहिली ती उगाच नाही.

माझ्या मते खरी गंमत पिटात नव्हती, रंगमंचावर होती. कपड्यांत.

त्या काळी कोणी काय ल्यावं हे सरकार ठरवायचं. १५७४ च्या फर्मानानुसार जांभळं रेशीम आणि जरीचं कापड राजघराण्याला आणि वरच्या उमरावांना. मखमलसुद्धा हुद्दा बघून. उलट १५७१ च्या कायद्याने सामान्य माणसाने रविवारी आणि सणावारी लोकरीची टोपी घालायचीच, नाहीतर दंड. तो टोपीवाल्यांचा धंदा चालावा म्हणून!

अशा देशात नट उमरावाच्या खऱ्याखुऱ्या कपड्यांत रंगमंचावर यायचा. प्लाटर सांगतो : बडे सरदार मरताना आपले उंची कपडे नोकरांना देऊन जात. नोकराने ते घालणं शोभायचं नाही, म्हणून तो ते नटांना स्वस्तात विकून टाकायचा. काही कपडे नवे शिवत. नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लोच्या हिशेबवहीत १६०३ ची नोंद आहे : नाटककार थॉमस हेवूडला एका नाटकाचे सहा पौंड, आणि त्याच नाटकातल्या नायिकेच्या काळ्या मखमली झग्यासाठी सहा पौंड तेरा शिलिंग. पौंडाचे वीस शिलिंग, म्हणजे पिटातली १,५९६ तिकिटं. अख्ख्या नाटकापेक्षा एक झगा महाग, आणि तो घालणार एक मुलगा, कारण बायकांना रंगमंच बंद.

आणि हा नट कायद्याने कोण? १५७२ च्या कायद्यानुसार कुणा बड्या उमरावाचा आश्रय नसलेला नट म्हणजे भटका. शिक्षा काय, तर फटके आणि उजव्या कानाच्या पाळीतून तापलेली सळई. म्हणून मंडळ्या 'अमुक लॉर्डचे नोकर' म्हणवून घेत. कागदावर नोकर, दुपारी दोन ते पाच राजा.

स्टीफन गॉसनला हेच झोंबलं. स्वतः नाटकं लिहून नंतर नाटकांवर उलटलेला हा गृहस्थ १५८२ मध्ये लिहितो की हलक्या माणसाने राजाचा आव आणणं म्हणजे खोटेपणा. लोक त्याला सोवळा म्हणून हसतात. मला मात्र वाटतं, नाटकाची ताकद त्याला चाहत्यांपेक्षा जास्त कळली होती. खोटा राजा तीन तास पटतो, मग खऱ्यात जास्तीचं काय, कपडेच ना?

व्यवस्थेलाही ही खोट माहीत असावी. १५९६ मध्ये शेक्सपिअरच्या घराण्याला कुलचिन्ह, म्हणजे खानदानी असल्याची सरकारमान्य खूण, मिळालं, वडील स्ट्रॅटफर्डचे हातमोजे करणारे. १६०२ मध्ये राल्फ ब्रुक नावाच्या, कुलचिन्हांच्याच खात्यातल्या अधिकाऱ्याने तक्रार केली की हलक्यासलक्या लोकांना चिन्हं वाटली जातायत. त्यात शेक्सपिअरही आहे, 'नट' असा शिक्का मारून. तोवर 'हॅम्लेट' लिहून झालं होतं.