लेमन तूर, मंडाले आणि आपलं तटस्थ राहणं

"अगं तुला काय करायचंय त्या म्यानमारचं, इथे आपलंच आपल्याला थोडं झालंय का?" परवा सकाळी हार्बरच्या गाडीत मैत्रिणीने मला हे ऐकवलं, मी फोनवर तिथल्या निवडणुकीची बातमी वाचत होते म्हणून. तेव्हा कुर्ला आलं आणि गर्दीत बोलणं राहिलं, पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय. लांब होणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

मी वाशीच्या दाणाबंदरात एका डाळीच्या दलालाकडे हिशेब बघते, १४ वर्षं झाली. आमच्याकडे सकाळचा पहिला प्रश्न असतो "आज लेमन काय?" लेमन म्हणजे बर्माची, म्हणजे म्यानमारची, तूर. उडीदही तिथलाच, एफएक्यू (साधारण) आणि एसक्यू (खास) अशा दोन प्रतींचा, डॉलरमध्ये सौदा. तुमच्या इडलीतला उडीद बऱ्याचदा तिथला असतो. २०२१ च्या जूनमध्ये आपल्या सरकारने त्यांच्याशी करारच केला, वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर, ५ वर्षांसाठी. तारीख बघा, जून २०२१. त्याच्या चारच महिने आधी, १ फेब्रुवारीला, लष्कराने सत्ता हातात घेतली होती.

ते दिवस मला चांगले आठवतात. यांगूनच्या एका निर्यातदाराच्या ऑफिसातल्या मुलीशी माझं कागदपत्रांवरून रोज बोलणं व्हायचं. तो आठवडा तिचं नेटच बंद. मग मेल आला की बँका उघडत नाहीयेत, कर्मचारी संपावर आहेत, पेपर्स उशिरा मिळतील, सॉरी. आम्ही इथे कंटेनरचं काय होणार या चिंतेत, आणि तिकडे बँकेतले क्लार्क, डॉक्टर, मास्तर, रेल्वेवाले नोकरीवर पाणी सोडून घरी बसले होते, कारण आदल्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत ४७६ पैकी ३९६ जागा तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांच्या पक्षाला मिळाल्या होत्या आणि लष्कराने ते मत रद्द केलं. १९९० ला हेच झालं होतं, त्याच पक्षाने ४९२ पैकी ३९२ जागा जिंकूनही सत्ता दिली नव्हती. म्हणजे एकाच देशाचं मत ३० वर्षांत दोनदा कचऱ्यात टाकलं. सू ची रोहिंग्यांच्या बाबतीत चुकल्या, हेगच्या कोर्टात जाऊन त्याच लष्कराची बाजू मांडली, ते मला कधीच पटलं नाही. पण मत त्यांचं एकटीचं नव्हतं, लोकांचं होतं.

आता मुद्दा. जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला, लष्कराने लोकांचा कौल मानावा, कैद्यांना सोडावं, शस्त्रांचा ओघ थांबवावा. बाजूने ११९, विरोधात फक्त बेलारूस, तटस्थ ३६. आपण त्या ३६ मध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत ठराव आला, अध्यक्षपद त्या महिन्यात आपल्याकडेच होतं, १२ देश बाजूने आणि चीन, रशिया, भारत तटस्थ. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथे ४ लोकशाहीवाद्यांना फाशी दिली होती, त्यात एक माजी खासदार होता. एवढं झाल्यावरही आपला हात वर गेला नाही, याची मला खरंच लाज वाटते.

मैत्रीण म्हणते तसं बरेच जण म्हणतात, ती त्यांची अंतर्गत बाब आहे. मग मला आणीबाणीबद्दल बोलायचंय. जॉर्ज फर्नांडिस, आपल्या मुंबईचे, एका हाकेत अख्खी मुंबई बंद करणारे, १९७६ मध्ये कलकत्त्यात पकडले गेले. त्यांच्या जिवाचं काही होऊ नये म्हणून विली ब्रांट, ब्रुनो क्रायस्की, ओलोफ पाल्मे यांच्यासारख्या युरोपातल्या नेत्यांनी थेट इंदिराबाईंकडे शब्द टाकला. तेव्हा दिल्लीतून हेच उत्तर असायचं, आमच्या घरात नाक खुपसू नका. आज आपल्यापैकी कोण म्हणेल की त्या परदेशी लोकांनी चूक केली? माझे बाबा तेव्हा परळला राहायचे, ते नेहमी सांगायचे की बाहेर कोणीतरी नाव घेतंय एवढं कळलं तरी आतल्या माणसाला धीर येतो आणि कोठडीवाल्याचा हात जरा आखडतो.

आणि हा देश परका तरी कुठे आहे आपल्याला. १८८५ ला इंग्रजांनी उरलेला ब्रह्मदेश घेतला तो बॉम्बे बर्मा या कंपनीच्या सागवानावरच्या दंडाचं निमित्त करून, कंपनीच्या नावातच आपलं शहर. थिबा राजाला आणून ठेवलं रत्नागिरीत, तो १९१६ मध्ये तिथेच गेला. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात शिक्षा होऊन पाठवलं कुठे, तर मंडालेला, थिबाच्याच राजधानीत. तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी ६ वर्षांच्या शिक्षेसाठी वर्षाला एक दिवस असा ६ दिवस संप केला होता. गोराईचा पॅगोडा बघून आलेल्यांना माहीत असेल की तो यांगूनच्या श्वेडगॉनसारखा बांधलाय, आणि विपश्यना इथे आणणारे गोएंका गुरुजी जन्मले मंडालेला. असो, यावर वेगळी पोस्ट होईल.

चीनचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. आपण तोंड फिरवलं की ते जनरल चीनच्या मांडीवर जाऊन बसतील, ईशान्येकडच्या बंडखोरांना रान मोकळं मिळेल, कलादान प्रकल्प, म्हणजे म्यानमारमधून मिझोरामला जोडणारा आपला मार्ग, अडकेल, असं सांगतात. पण आपण गोड बोलूनही ते चीनच्याच मांडीवर आहेत ना? आणि कलादानचा रस्ता ज्या पलेत्वावरून जातो ते जानेवारी २०२४ मध्येच आराकान आर्मी या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटाने घेतलं. म्हणजे ज्या रस्त्यासाठी आपण लष्कराशी जुळवून घेतोय तो रस्ता लष्कराच्या ताब्यातच नाही! १९८८ ला रंगूनमध्ये, म्हणजे आजच्या यांगूनमध्ये, पोरांवर गोळ्या झाडल्या तेव्हा आपण लोकांच्या बाजूने बोलत होतो, आकाशवाणीच्या बर्मी सेवेवरून जनरलांना झोडपत होतो. नंतरच्या काही वर्षांत ते सोडलं. त्या सोडण्याने पदरात काय पडलं ते कोणी मला सांगावं.

मग डाळ बंद करा म्हणतेस का, असं शेठनी विचारलं. नाही. डाळ बंद केली तर मॅग्वे-सगाईंगचा शेतकरी मरेल, ज्याचं गाव आधीच विमानातून बॉम्ब टाकून जाळलंय, आणि इथे आपला डाळ-भात महागेल. दाब खिशावर द्यायचा, पोटावर नाही. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या सेंट्रल बँकेने हुकूम काढला की निर्यातीचे डॉलर सरकारी दराने क्याटमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, बदला. पुढे थोडी सूट दिली, पण सरकारी दर डॉलरला २१०० क्याट आणि बाजारात जवळपास दुप्पट, म्हणजे मधला फरक शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या वाट्यातून वर जातो. मी रोज ती बिलं बघते, म्हणून हे मला बोचतं. यापुढचा जो काही करार होईल त्यात पेमेंट कसं जाईल यावर आपण अट घालू शकतो, एवढा मोठा गिऱ्हाईक आहोत आपण. दुसरं, गॅस. तो त्यांचा परकीय चलनाचा मोठा झरा, आणि श्वे गॅस क्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांचा वाटा आहे. तिसरं, विमानाचं इंधन. अमेरिका, ब्रिटन, कॅनडाने त्याच्या पुरवठादारांवर निर्बंध लावलेत, आपण निदान त्याला पाठिंबा देऊ शकतो.

आसियान या आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेने एप्रिल २०२१ मध्ये ५ कलमी तोडगा काढला, पहिलंच कलम हिंसा थांबवा, सत्ता घेणारे लष्करप्रमुख जनरल मिन आंग ल्हाईंग स्वतः बैठकीला होते, आणि परत जाऊन त्यांनी काहीच पाळलं नाही. का पाळतील? न पाळल्याची किंमत काय लावली कोणी? बैठकीला बोलवत नाही एवढंच.

मार्च २०२५ चा भूकंप झाला तेव्हा आपल्या जवानांनी मंडालेत दवाखाना उभारला, ते अगदी योग्य केलं. पण भूकंपानंतरही लष्कराचे हवाई हल्ले चालूच होते, ते कोणी मोठ्याने बोललं नाही. मग डिसेंबर-जानेवारीत तीन टप्प्यांत निवडणूक घेतली, सू ची कैदेत, त्यांचा पक्ष २०२३ मध्येच बरखास्त, निवडणुकीवर टीका केली तर किमान ३ वर्षं तुरुंग, आणि जिंकला लष्कराचाच पक्ष. याला निवडणूक म्हणून मान्यता द्यायची नाही, एवढं तरी दिल्लीने स्पष्ट म्हणावं.

ती यांगूनची मुलगी आता तिथे नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू केला, पुरुष १८ ते ३५, बायका १८ ते २७. तिचं वय २६ होतं, भाऊ २२. दोघं थायलंडच्या हद्दीत गेले एवढं तिने कळवलं, नंतर तो नंबर लागला नाही. तिच्या जागी दुसरा माणूस मेल करतो, रेट पाठवतो.

मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलंय, दोन पानी, मराठीत. तीनच गोष्टी मागितल्यात, या निवडणुकीला मान्यता नको, डाळीच्या करारात पेमेंटची अट, आणि मिझोरामला जीव वाचवून आलेल्यांना परत ढकलू नका. अजून उत्तर नाही, पुढच्या सोमवारी ऑफिसला जाऊन विचारणार आहे. ज्यांना आपापल्या खासदारांना पाठवायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, मसुदा देते, नाव-पत्ता फक्त तुमचा घाला.