फोन बदलण्याआधी हे करा

एका लेखात वाचलं की अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणं म्हणजे तासाभराचं काम. फोटो, काँटॅक्ट्सपुरतं खरं आहे ते. पण ऑफिससाठी बदलत असाल तर खरी डोकेदुखी व्हॉट्सअ‍ॅपची, कारण गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर रिस्टोअर होतच नाही, चॅट न्यायचे तर 'मूव्ह टू आयओएस' (अँड्रॉइडवरचा डेटा आयफोनवर नेणारं अ‍ॅपलचं अ‍ॅप) वापरून पहिल्या सेटअपच्या वेळीच न्यायचे, आणि मी शहाणा आधी फोन चालू करून ऑफिसचा मेल वगैरे सगळं लावून बसलो, मग काय, रिसेट मारून पुन्हा पहिल्यापासून! दुसरं म्हणजे ओटीपीवालं ऑथेंटिकेटर अ‍ॅप, म्हणजे लॉगिनचे कोड दाखवणारं. जुन्या फोनमधला डेटा पुसायच्या आधी ते नवीन फोनवर घ्या आणि एकदा लॉगिन करून बघा, नाहीतर स्वतःच्याच अकाउंटबाहेर उभे राहाल. बँकेची अ‍ॅप्स तर परत रजिस्टर करावीच लागतात.

अँड्रॉइडच्या बॅक बटणाची सवय मात्र अजून जात नाहीये, अंगठा आपोआप खाली जातो. बाकी ऑफिसचं कॅलेंडर, मेल छान चालतंय, तक्रार नाही. जुना फोन निदान महिनाभर तरी विकू नका राव.