मेकॉलेच्या माथी घोकंपट्टी

'घोकणे हा मराठी शब्दच नाही. इंग्रज मास्तर पोरांना "गो ऑन, गो ऑन" म्हणायचे, त्यावरून तो आला. गुरुकुलात कोणी काही घोकत नसे. पाठांतराची गुलामी मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याने 1835 मध्ये लादली. सबब मुलांना पाढे पाठ करायला लावू नका!' असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. फिरेना का, म्हटलं असतं. पण तो मुलुंडला आमच्या वहिनींपर्यंत पोचला आणि दुसरीतल्या पुतणीचे पाढे बंद झाले.

आधी ते 'गो ऑन'. लोकलमध्ये शेजारी बसलेल्या गुजराती माणसाला विचारा. तो 'गोखवुं' म्हणेल, घोकंपट्टीला 'गोखणपट्टी'. हिंदीत 'घोखना', नेपाळीत 'घोक्नु'. नेपाळवर तर इंग्रजांचं राज्य कधी नव्हतंच, मग तिथे कोणता मास्तर गेला होता? सगळ्यांचं मूळ संस्कृत 'घुष्', म्हणजे मोठ्याने उच्चारणे. घोष, घोषणा त्यातलेच. 'ष'चा 'ख' होणं आपल्याला नवं नाही, आषाढाचा आखाड झालाच की. आखाड तळताना कुणाला इंग्रज आठवत नाही.

गुरुकुलात घोकत नसत, हा तर कहर. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं 103वं सूक्त काढा. पावसाळ्यात बेडूक एकमेकांमागून ओरडतात, ते कसे? शिकणारा शिकवणाऱ्याचे शब्द त्याच्यामागून म्हणतो तसे. हे वसिष्ठांच्या नावावरचं सूक्त आहे, मेकॉलेच्या नव्हे. वेद टिकले ते जटापाठ, घनपाठ अशा पद्धतींनी. जटापाठात दोन शब्द सरळ म्हणायचे, मग उलटे, मग पुन्हा सरळ, आणि असंच पुढच्या जोडीला. याला घोकणं नाही तर काय म्हणायचं? उलट निरुक्त या वैदिक शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात यास्काने अर्थ न कळता वेद पाठ करणाऱ्याला ओझं वाहणारा खांब म्हटलंय. घोकंपट्टी नव्हती, तर हा टोमणा कुणाला?

मेकॉलेचं अर्धं खरं आहे, कबूल. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ भारत-अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं, असं त्याने शिक्षणावरच्या 2 फेब्रुवारी 1835 च्या टिपणात लिहिलंय. परीक्षांचं स्तोम आणि गाइडं इंग्रजी अंमल आल्यानंतरची, हेही मान्य. पण त्या टिपणातला वाद कोणत्या भाषेत काय शिकवायचं याचा आहे. घोकायचा हुकूम त्यात नाही. आणि 'मी भारतभर फिरलो, एक भिकारी दिसला नाही' हे त्याच तारखेचं, ब्रिटिश संसदेतलं म्हणून त्या मजकुराखाली चिकटवलेलं मेकॉलेचं भाषण? त्या दिवशी तो लंडनला नव्हताच, कलकत्त्यात होता.

राहिले पाढे. पंतोजींच्या शाळेत बे एकं बे वर भागत नसे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही असायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो कोणत्या इंग्रजाने आणला, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.