पौलाचं पत्र आलंय आणि पीठ संपलंय

परवा शुक्रवारी आमच्याकडे प्रार्थनासभा होती. सोळा जण येणार म्हणाले, आले सव्वीस. मी किचनमध्ये सोळा जणांच्या पोह्यांत कांदा घालून ते सव्वीस जणांचे करत होते आणि बाहेर पाळकसाहेब सांगत होते की पहिल्या शतकात मंडळी अशीच घराघरांत जमायची, किती साधा आणि सुंदर काळ होता तो. साधा? कुणासाठी हो? बस, तेव्हापासून माझ्या डोक्यात साल 55 चालू झालंय.

समजा मी ग्रीसमधल्या करिंथात आहे. शहराला एकीकडे लेखायोन बंदर, दुसरीकडे किंख्रिया, म्हणजे पाहुण्यांना यायला दोन्ही बाजूंनी सोय. तिथल्या गायसच्या घरी सगळी मंडळी जमायची हे पौलाने, म्हणजे गावोगावी येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या आणि मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताने, लिहून ठेवलंय, पण गायसच्या घरी भाकरी कोण भाजत होतं ते काही लिहिलेलं नाही. श्रीमंताघरी दासी असणार, आणि माझं नशीब बघता मी त्या दासींतलीच असणार.

पहाटे उठून जातं. येशूने सांगितलंय ना, तो परत येईल तेव्हा दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल आणि दुसरी ठेवली जाईल. यावर मी आजवर फार गंभीर संदेश ऐकलेत पण मला लहानपणापासून एकच काळजी, ती मागे राहिलेली उरलेलं सगळं दळण एकटीच दळणार का?

बरं, पीठ झालं, पुढे काय? बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही, हे सगळं अमेरिकेहून यायला अजून पंधराशे वर्षं आहेत. काळी मिरी मिळते पण ती आपल्याच देशातून जहाजात बसून येणार, तेव्हा भाव विचारूच नका. मग मसूर, ऑलिव्ह, अंजीर आणि माशांची आतडीबितडी मिठात घालून उन्हात मुरवून केलेलं ते गारुम. (माझ्या कोकणातल्या सासूबाईंना त्यात काही विशेष वाटलं नसतं, "थोडं अजून मुरायला हवं होतं" म्हणाल्या असत्या.)

मटणाचं तर विचारूच नका. बाजारात जे येतं त्यातलं बरंचसं देवळातल्या बळीचं. एक जण म्हणतो मूर्ती म्हणजे काही नाहीच, वाढा. दुसऱ्याला वासानेच पाप लागतं. पौल म्हणतो बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा, पण कुणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे तर खाऊ नका. आता यातून मेनू ठरवून दाखवा.

आणि हे सगळं कामाच्या दिवशी हां, कारण रविवारची सुट्टी दिली रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनने, 321 साली. मला वाटतं रिकामटेकडी पैसेवाली माणसं लवकर येऊन जेवून घेत असणार आणि मजूर, गुलाम बिचारे काम सुटल्यावर येणार तेव्हा भांड्यात नुसता रस्सा. कारण पुढे इफिसहून पौलाचं पत्रच आलं. मंडळीतल्या भांडणांची बातमी ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी पोचवली हे त्याने पत्रातच नाव घेऊन लिहिलंय, म्हणजे तेव्हाही गुप्तता कशाशी खातात कुणाला माहीत नव्हतं. पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतायत, मी डोक्यावर पदर घेऊन उभी (तेही पत्रातच आहे), आणि ऐकते काय, तर तुमच्यात एक उपाशी राहतो नि एक झिंगतो, खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत काय? अहो पौलबंधू, हे घरच आहे! सकाळपासून मी याच घरात राबतेय!

शिवाय त्याच पत्रात असंही, की बायकांना काही विचारायचं असेल तर त्यांनी घरी नवऱ्याला विचारावं. पण नवरा जागा होता का ते आधी बघायला नको? त्रोवस नावाच्या गावात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, लोकांनी तर मेला म्हणूनच उचलला. तो जिवंत निघाला हे झालंच, पण नंतर पौल परत वर गेला, भाकर खाल्ली आणि उजाडेपर्यंत बोलत बसला! त्या घरातल्या बाईचा कुणी विचार केलाय? दिव्यातलं तेल कुणी घातलं रात्रभर?

प्रिस्किल्लाला मात्र मी मानते. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून हाकललं म्हणून ती नवऱ्याबरोबर करिंथात आली, तंबू शिवायचं काम केलं, आणि त्यात घरी पाहुणा कोण तर पौल. तो त्या गावात दीड वर्ष राहिला, सुरुवातीला तिच्याकडेच. एवढं सगळं करून बहुतेक ठिकाणी तिचं नाव नवऱ्याच्या आधी येतं. यायलाच पाहिजे. आमच्या लग्नपत्रिकेत माझं नाव चुकलं होतं, पण तो विषय वेगळा.

तर शुक्रवारी शेवटची प्रार्थना झाली, सव्वीस जणांनी आमेन म्हटलं, कढई खरवडून झाली, आणि तेवढ्यात सत्ताविसावे काका दारात, "अगं, शिफ्टच सुटली नाही वेळेवर." मी माझी प्लेट त्यांच्या हातात दिली आणि पौलाचं ऐकून ह्यांना विचारायला गेले, अहो, आज संदेश कशावर होता?

हे झोपले होते. खिडकीपासून लांब होते तेवढं बरं.