मेस्सी कुणी घालवला?

"कोमननं मेस्सी घालवला." हे वाक्य पप्या 2021 पासून म्हणतोय. त्यात अजून एक शब्द वाढलेला नाही. कोमन म्हणजे रोनाल्ड कोमन, हॉलंडचा जुना बॅक आणि मेस्सी गेला तेव्हाचा बार्सिलोनाचा, म्हणजे बार्साचा कोच.

"घालवला म्हणजे? गाडीत बसवून पॅरिसला सोडून आला का रं?" अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचे एकेकाळचे स्टॉपर बॅक, मधले बचावपटू. गुडघा गेला, पण बॅकवाल्याला कुणी नाव ठेवलं की उठून बसतात. "कर्ज क्लबचं, पगाराची मर्यादा लीगची, आणि खापर कोचवर! पेद्रीला कुणी खेळवला? सतरा वर्षांच्या गावीला कुणी उतरवला?"

"बायर्ननं तीन घातले, बेन्फिकानं तीन! वर पुढं कोण, तर लुक डी योंग!" पप्यानं छातीवर हात ठेवला. घरातलं कुणी गेल्यासारखा.

मास्तरांना दोन्हीकडून बोलायची खोड. "अण्णा, त्याचं व्हॅलेन्सियातलं कोचपण विसरू नका. कान्यिझारेस, अल्बेल्दा, अंगुलो, तिघं जुनेजाणते एका झटक्यात बाहेर. 2008 चा कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप जिंकला, आणि आठवड्याच्या आत स्वतःच बाहेर."

यावर अण्णांनी चहाचा लांब घोट घेतला. व्हॅलेन्सियाला उत्तर नाही, हे त्यांनाही माहीत आहे. मग एकदम म्हणाले, "इंग्लंडच्या लीगमध्ये साउदॅम्प्टन सहावा आणला ते कोण बोलणार? आणि आयाक्स, पीएसव्ही, फेयेनूर्ड, हॉलंडचे एकमेकांचे वैरी क्लब, तिन्हीकडं खेळला, तिन्हीकडं कोच झाला. आपल्याकडं माणसानं तालीम, म्हणजे टीम बदलली तर सासरवाडीत पाणी मिळत नाही."

"ते सगळं खरं, पण बार्सात..."

"बार्सात काय? 1992, वेम्बली, सॅम्पडोरिया, एक्स्ट्रा टाइम. कोमनची ती फ्री किक बसली नसती तर बार्सानं पहिला युरोपियन कप कुठनं आणला असता? तू अंगात घातलीयस ती जर्सी लेका त्याच्या उजव्या पायावर उभी हाय."

मला विचाराल तर कोच म्हणून कोमन मधलाच. पण बुडत्या घरात जुना माणूस बोलवायचा आणि घर बुडालं की त्यालाच धरायचं, हे काय बरं नव्हे. हे मी मोठ्यानं बोललो नाही, पप्याकडून माझे पैसे यायचेत.

"बॅक बॅकचीच बाजू घेणार," पप्या पेटला. "शाहू स्टेडियमवरच्या त्या फायनलला माझ्या पायावर कोण आलं होतं?"

"पायावरच आलो. बॉल तुझ्याकडं कवा होता?"

मग मास्तरांनी 1988 चा युरो कप काढला. हॅम्बुर्ग, सेमीफायनल, जर्मनी घरच्या मैदानात हॉलंडकडून हरलेली. कोमननं जर्मनीच्या ओलाफ थोनशी जर्सी बदलून घेतली आणि सगळ्यांसमोर तिनं बूड पुसायची नक्कल केली.

सगळ्यांनी एकदम पप्याकडं बघितलं. पप्यानं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"उभ्यानं केली का वाकून?" अण्णांनी गंभीरपणे विचारलं, आणि गुडघा सांभाळत करून दाखवायला उठले. पुढं मेस्सी कुणाच्या लक्षात राहतोय!