40 टक्क्यांचं अर्धंच सत्य

'सीएला जेमतेम 40 टक्के लागतात' हे लेखातलं वाक्य अपुरं आहे. सीए (चार्टर्ड अकाउंटंट) परीक्षेत पास व्हायला प्रत्येक पेपरात 40 टक्के हवेतच, शिवाय ग्रुपच्या (एकत्र धरल्या जाणाऱ्या पेपरांच्या गटाच्या) एकूण गुणांत 50 टक्केही हवेत. म्हणजे सगळीकडे 45 मिळवणारा नापास, आणि दोन पेपरांत 70 पण तिसऱ्यात 38 असलेली मुलगीही नापास! तिच्या 70 गुणांच्या पेपरांना पुढच्या वेळी सूट मिळते, म्हणजे ते पुन्हा द्यावे लागत नाहीत (60 किंवा जास्त असल्याने), हे घरच्यांना कोणी सांगतच नाही. दादर-परळच्या अभ्यासिकांत रात्र रात्र बसणाऱ्या मुलांना निकालानंतर जे ऐकावं लागतं, त्याने फार वाईट वाटतं. गुणपडताळणीत फेरतपासणी होत नाही, फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर पाहतात. कृपया हेही लेखात घाला.