एका सेकंदाचे ४८,००० तुकडे

‘पाच मिनिटांत पोचतो’ असं मी म्हणालो की ऐकणारा अर्धा तास धरून चालतो, आणि तरीही त्याला थांबावं लागतं. माझ्या मनगटावरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. ते पुढे आहे हे मला माहीत असल्यामुळे मी ती चार मिनिटं वजा करतो आणि उशिरा निघतो. अशा माणसावर एका रात्री सेकंदाच्या अठ्ठेचाळीस हजाराव्या भागावरून संगणकाशी भांडायची वेळ आली.

काम साधं होतं. सुमारे तासाभराचं एक भाषण, एका कॅमेऱ्यावर चित्र आणि वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज. दोन्ही जुळवायचे, खोकले कापायचे आणि सकाळी फाइल द्यायची. आठवड्यापूर्वी थोडं काम करून ठेवलं होतं, ते रात्री दहाला व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. प्लेहेड, म्हणजे आपण चित्रात कुठे आहोत ते दाखवणारी रेघ, कुठे आहे ते बघावं म्हणून टाइमकोडकडे नजर टाकली, तर तिथे लिहिलं होतं: ००:००:१२:३१८४७.

टाइमकोड म्हणजे तास, मिनिटं, सेकंद आणि शेवटी फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, एवढं मला येतं. माझ्या चित्रात सेकंदाला साधारण तीस फ्रेम. म्हणजे शेवटचा आकडा शून्य ते एकोणतीस यांच्यामध्ये गुण्यागोविंदाने नांदायला हवा. इथे एकतीस हजारांची दिंडी निघाली होती. चालवून पाहिलं, तर शेवटचे पाच आकडे रिक्षाच्या मीटरला भूत लागल्यासारखे फिरायला लागले.

मग उजवीकडचा बाण दाबला. एरवी एकदा दाबला की प्लेहेड एक फ्रेम सरकतो. आता ३१८४७ चे ३१८४८ झाले आणि चित्रातल्या वक्त्याची पापणीसुद्धा हलली नाही. चाळीसदा दाबला. वक्ते तोंड उघडून तसेच उभे. या वेगाने, सेकंदाला एकदा बाण दाबत गेलो असतो, तर त्यांचं एक सेकंदाचं बोलणं ओलांडायला मला तेरा तास वीस मिनिटं लागली असती. हा हिशोब अर्थात नंतर केला. त्या वेळी फक्त बोट दुखत होतं.

असं काही झालं की समजूतदार माणूस आधी विचार करतो. मी आधी रीस्टार्ट करतो. तो केला. मग कॅशे, म्हणजे सॉफ्टवेअरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, साफ केली. मग सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्या. त्यात तीन वर्षं खपून बसवलेले माझे कीबोर्डचे शॉर्टकट गेले आणि टाइमकोड होता तसाच राहिला. शेवटी आख्खं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. त्याची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना मला फार मोठं काही करत असल्याचा भास होत होता. पट्टी भरली, प्रोजेक्ट उघडला, आणि एकतीस हजारांची दिंडी माझी वाट बघत तिथेच उभी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसे मी एका रात्रीत चार संन्यासी लटकवले होते.

आता संशय आवाजाच्या फाइलवर. ती होती वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी जड फाइल. म्हटलं, हिची एमपीथ्री करून टाकू, हलकी होईल आणि डोकंही ताळ्यावर येईल. केली. तिचा स्वतःचा टाइमकोड बघितला तर सगळी शून्यं, स्वच्छ, एका ओळीत. इतका आनंद झाला की उठून पाय मोकळे करून आलो. मग ‘टाइमकोडवरून जुळवा’ असा हुकूम सोडला.

सॉफ्टवेअरने हुकूम तंतोतंत पाळला. आवाज टाइमलाइनच्या, म्हणजे चित्र आणि आवाज मांडायच्या पट्टीच्या, सुरुवातीला ठेवला आणि चित्र १६ तास ४२ मिनिटं १० सेकंदांवर. कारण कॅमेऱ्याचा टाइमकोड भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चालत होता आणि भाषण सुरू झालं होतं पावणेपाचच्या जरा आधी. आधी तासाभराचं बोलणं, मग सुमारे साडेपंधरा तासांची गाढ शांतता, आणि मग आवाजाशिवाय हातवारे करणारा माणूस. सलग बघायला कोणी तयार असेल तर प्रायोगिक म्हणून खपूनही गेलं असतं.

रात्री एक वाजता रेकॉर्डिंग करणाऱ्या मित्राला फोन लावला. तो जागा होता. आवाजाच्या धंद्यातली माणसं शांततेसाठी रात्री जागत असावीत.

“एमपीथ्री केलीस?” मुलाने दप्तर विहिरीत टाकल्याचं कळल्यावर बाप बोलतो तसा त्याचा आवाज होता. “अरे, रेकॉर्डरने वेव्ह फाइलीत वेळ लिहून ठेवली होती. मध्यरात्रीपासून किती सॅम्पल झाले, एवढा एकच आकडा. एमपीथ्री करताना तो गळून पडला.”

सॅम्पल म्हणजे आवाजाचा सगळ्यात बारीक तुकडा, माझ्या फाइलीत सेकंदाला ४८,०००. नंतर कागदावर गुणाकार करून पाहिला: भाषण सुरू होईपर्यंत २,८८,६२,४०,००० होतात. इतका नेकीने जपलेला आकडा मी ‘हलकी होईल’ म्हणून कचऱ्यात टाकला होता.

“वेव्ह परत लाव. आणि तुझा तो शेवटचा आकडा ४७,९९९ च्या पुढे जातो का रे कधी?”

गेला नाही. ४७,९९९ झाले की शून्य, आणि सेकंद एकने पुढे.

“मग बिघडलंय काय? ते फ्रेमऐवजी सॅम्पल मोजतंय. टाइमलाइनच्या मेनूत बघ, ‘ऑडिओ टाइम युनिट्स’वर बरोबरची खूण असेल.”

होती. चिमुकली खूण. काढली, आणि ००:००:१२:३१८४७ च्या जागी मुकाट्याने ००;००;१२;१९ येऊन बसलं. ती खूण प्रोजेक्टच्या आतच साठवलेली होती, त्यामुळे बाहेर मी सॉफ्टवेअर शंभरदा पुसून टाकलं असतं तरी तिला फिकीर नव्हती.

इथे मी झोपायला जायला हवं होतं. पण मला अर्धविराम दिसले. एका खिडकीत आकड्यांच्या मध्ये अर्धविराम, शेजारच्या खिडकीत दोन टिंबं. सुरुवातीला दोन्हीकडचे आकडे सारखे, आणि भाषणाच्या शेवटी जवळजवळ साडेतीन सेकंदांचा फरक. ओठ मात्र आवाजाशी चोख जुळलेले.

“आता काय?” मित्र म्हणाला. त्याने अजून फोन ठेवला नव्हता, हा त्याचा मोठेपणा. मग त्याने जे सांगितलं त्यावर मी एरवी विश्वास ठेवला नसता. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीची पद्धत ठरली, तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये लुडबुड करू नये म्हणून सेकंदाच्या ३० फ्रेम होत्या त्या २९.९७ केल्या. मोजणी मात्र तीसच्या हिशोबाने, त्यामुळे टाइमकोड तासाला ३.६ सेकंद मागे पडायला लागला. उपाय असा की दर मिनिटाला पहिले दोन क्रमांक गाळायचे, पण दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. तासाला १०८ क्रमांक गळतात आणि घड्याळाशी मेळ बसतो. याला म्हणतात ड्रॉप-फ्रेम, आणि अर्धविराम ही त्याची खूण. टिंबंवाली खिडकी काही न गाळता मोजत होती.

“म्हणजे माझ्या १०८ फ्रेम गेल्या?”

“फ्रेम नाही रे. क्रमांक! चित्र सगळं जागेवर आहे.”

मी फोन ठेवला आणि अर्थातच शोधायला गेलो. ००;००;५९;२९. वक्त्याचा उजवा हात टेबलाच्या वर. बाण दाबला: ००;०१;००;०२. हात केसभर खाली. परत मागे, परत पुढे. मध्ये काहीही हरवलेलं नव्हतं. काही इमारतींना तेरावा मजला नसतो आणि बारानंतर चौदावा येतो, तसं. माझ्या घड्याळाच्या चार मिनिटांसारखंच हे खातं आहे. फरक इतकाच की त्यांनी वजाबाकी कधी करायची ते लिहून ठेवलंय.

पण ती खूण केली कुणी? याचं उत्तर पहाटे मिळालं. शेवटची एकवार तपासणी करत होतो, तर एक्केचाळिसाव्या मिनिटाला आवाजात बारीक ‘टक्’ असं झालं. असंच एक ‘टक्’ आठवड्यापूर्वी पहिल्या मिनिटात होतं. ते फ्रेमपेक्षा बारीक असल्यामुळे पकडता येईना, म्हणून मी मेनूत शिरून काहीतरी चालू केलं होतं, ‘टक्’ कापलं होतं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन संगणक बंद केला होता.

ते ‘टक्’ तसंच सोडवेना. मेनू उघडला आणि ‘ऑडिओ टाइम युनिट्स’वर परत खूण केली. पाच आकडी दिंडी पुन्हा निघाली. एका चिठ्ठीवर ‘खूण काढ’ असं ठळक लिहून पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवलं. चिठ्ठी नेमकी टाइमकोडवर बसली.